दोन बाळापूर, एक पेटी

महाराष्ट्रात बाळापुरं दोन आहेत. एक अकोला जिल्ह्यातलं. त्याला किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, इतिहासाच्या पुस्तकात जागा आहे. दुसरं आमचं. आमच्याकडे किल्ला नाही, म्हणून की काय कोण जाणे, आमच्या नावापुढे कुणीतरी 'आखाडा' जोडून दिला आहे. आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. म्हणजे जिल्हा बदलला. आम्ही जागचे हललो नाही.

परगावच्या माणसाला 'बाळापूर' एवढं वाचलं की पुरे होतं. त्यामुळे आमच्या वाट्याची पत्रं, लग्नपत्रिका, क्वचित पाहुणेसुद्धा तिकडच्या बाळापुराला जाऊन आलेले आहेत. नाव तेच, आतला माल निराळा. १९९६ साली आमच्या अण्णांचं एक पार्सल असंच तिकडे गेलं. ते परत यायला महिना लागला. या लेखात त्याला थोडा अधिक वेळ लागेल.

मी बँकेत कारकून आहे. अलीकडे आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भरजरी नाव मिळालं आहे, पण खिडकीपलीकडचा माणूस अजून 'ओ साहेब, बघा की जरा' असंच म्हणतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. शाखा नांदेडला, घर बाळापूरला. आठवडाभर नांदेडच्या खोलीत राहायचं आणि सुट्टीला गावी यायचं. साहजिकच माझ्याकडे कॉम्प्युटरही दोन आहेत. घरी जुना, मोठ्या डब्याचा, ज्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो. आणि खोलीवर एक लॅपटॉप, ज्याचे हप्ते अजून चालू आहेत. या दोन्हींवर मी फावल्या वेळात गाणी 'बांधतो'. म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे आवाज भरून घ्यायचे, त्यांना टाळ, पखवाज, पेटी जोडायची, आणि ऐकून सौ.ने 'छान आहे, आता जेवायला या' म्हणेपर्यंत घोटत बसायचं.

अण्णांनी आमच्या मंडळात चाळीसेक वर्षं पेटी वाजवली. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्यामागे पेटीवर कुणी बसेना. मग मी एक उद्योग केला. दसऱ्याच्या सुट्टीत दारं-खिडक्या बंद करून, पंखे बंद करून, घामाघूम होत त्या पेटीच्या ३९ च्या ३९ पट्ट्या एकेक करून दाबल्या आणि कॉम्प्युटरमध्ये भरून घेतल्या. भाता हळू मारून एकदा, जोरात मारून एकदा. कुत्रं भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशी अण्णांची अख्खी पेटी त्या डब्यात जाऊन बसली, आणि पट्ट्यांचा खेळण्यातला बोर्ड जोडला की मला ती वाजवता येऊ लागली. मी काही अण्णांसारखा वाजवत नाही. पण आवाज त्यांच्या पेटीचा.

मग मी तयार गाणं एका बोटभर डिस्कवर घालून नांदेडला नेलं, लॅपटॉपवर उघडलं, आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. तिचा मराठीत सारांश असा की, 'गाणं सापडलं, वाजवणारा सापडत नाही.' टाळ वाजले, पखवाज वाजला, पेटीच्या जागी शांतता. शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या सल्ल्याने मी त्या जागी दुसरं वाद्य बसवलं, तर अभंगाला चर्चमधल्या प्रार्थनेची कळा आली.

आता यात यंत्राची काही चूक नव्हती. जन्म कारकुनीत गेल्यामुळे मला ते लगेच समजलंही. गाण्याची जी फाइल असते तिच्यात गाणं नसतंच मुळी. तिच्यात नोंदी असतात. अमुक क्षणाला अमुक पट्टी, एवढ्या जोराने, इतका वेळ. पेटी कुठली, तर 'अमुक कपाटातली, अमुक खणातली' एवढाच हवाला. मी खतावणी नांदेडला नेली होती आणि तिजोरी बाळापूरलाच ठेवली होती.

तर दोन जागी एकच गाणं एकसारखं कसं वाजेल, ही पंचाईत कॉम्प्युटरने आणली असं मला वाटत होतं. मग जरा जुनी पुस्तकं चाळली आणि लक्षात आलं की, आपल्याकडे भल्याभल्यांनी यापायी आयुष्यं घातलेली आहेत.

पहिल्यांदा दोन विष्णू. बाळापुरं दोन, तसे आपल्या संगीतात विष्णूही दोन. एक विष्णू नारायण भातखंडे, जन्म १८६०, मुंबईचे वकील. दुसरे विष्णू दिगंबर पलुसकर, जन्म १८७२, लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. त्या काळी चीज कुठे असायची? तर खाँसाहेबांच्या गळ्यात. खाँसाहेब गेले की चीज गेली. दुसरी प्रत नाही. भातखंड्यांनी गावोगाव, संस्थानोसंस्थानी हिंडून चिजा गोळा केल्या, त्या लिहिण्याची पद्धत बसवली आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग तयार केले. पलुसकरांनी १९०१ साली थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिष्यांसाठी त्यांनीही लिहिण्याची पद्धत बसवली. दोघांचा हेतू एकच. लाहोरला शिकलेली चीज मुंबईलाही तशीच वाजावी.

फक्त दोघांनी दोन पद्धती बसवल्या.

आणि पद्धती कशा? भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो तार सप्तकातला, म्हणजे वरचा. पलुसकरांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो मंद्रातला, म्हणजे खालचा! भातखंड्यांकडे मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकरांकडे डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तार सप्तक. एका विष्णूचं पुस्तक दुसऱ्या विष्णूच्या शिष्याने उघडलं, तर जिथे गवयाने जमिनीला हात लावायचा तिथे तो माळ्यावर चढायचा. आजही गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना दोन्ही पद्धती लिहायला सांगतात. आमच्या कन्येने त्यातली एक परीक्षा दिली तेव्हा टिंब खाली की वर, यावरून घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

बरं, टिंबांचा घोळ निस्तरला तरी पुढचं राहतंच. कागदावर उतरते ती चीज. गळा उतरत नाही. जुने उस्ताद लिहून द्यायला का कुरकुरायचे, ते मला नांदेडच्या खोलीत 'वाजवणारा सापडत नाही' ही चौकट पाहून पटलं.

मग लोक म्हणाले, ठीक आहे, गळा नेता येत नाही तर नेऊ नका; वाद्य तरी सगळीकडे एकसारखं ठेवा. इथे पेटी आली. हार्मोनियम मुळात पॅरिसची. अलेक्झांडर देबँ नावाच्या गृहस्थाने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. ती पायाने वाजवायची होती. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून बसायला शिकवलं; भाता मागे आला, एका हाताने वारा, दुसऱ्या हाताने सूर. आपल्याकडे किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं आणि पुढे संगीत नाटकाच्या मागोमाग पेटी घराघरांत शिरली. गोविंदराव टेंब्यांनी तर पेटीला साथीच्या बाकावरून उठवून मैफिलीच्या मधोमध बसवलं. पेटीचा गुण असा की तिला लावावं लागत नाही. तंबोरा लावताना अर्धा तास जातो आणि श्रोते पान खाऊन येतात. पेटी उघडली की वाजली. काळी एक म्हणजे काळी एक.

पण तीही गोष्ट तितकी खरी नाही. कारण काळी एक म्हणजे नक्की किती, हेच ठरलेलं नव्हतं. आपण जिला पांढरी सहा म्हणतो त्या पट्टीने सेकंदाला किती थरथरावं, याचा फ्रान्सने १८५९ साली कायदाच केला: ४३५. इतरांचे आकडे इतर. शेवटी १९३९ साली लंडनला देशोदेशीचे प्रतिनिधी बसले आणि ४४० ठरलं. ते जगाच्या प्रमाणांच्या वहीत १९५५ साली चढलं आणि १९७५ साली पुन्हा पक्कं झालं. आता समजा भजनात दोन पेट्या आल्या, एक जुन्या ४३५ च्या सुरांची आणि एक ४४० ची. दोन्हींची पांढरी सहा एकदम दाबली तर सेकंदाला बरोबर ५ हेलकावे येतात. वजाबाकी आहे ती, ४४० वजा ४३५. बँकेत असा फरक आला तर आम्ही रात्री थांबतो. भजनात थांबत नाहीत, जोरात टाळ वाजवतात.

निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांनी असाच प्रकार रुपयात पाहिला होता. इकडे हाली शिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. दोन्हींना रुपयाच म्हणायचं, पण ७ हाली दिले तर ६ कलदार मिळायचे. राज्याच्या हद्दीपलीकडे बैल घ्यायला गेलेला माणूस आधी मनातल्या मनात त्रैराशिक मांडायचा आणि मग बैलाच्या तोंडात हात घालायचा. हाली गेला, त्रैराशिक गेलं. सुराचं त्रैराशिक मात्र अजून आहे.

आणि ते मांडलं सांगलीच्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरने! हा माणूस मला फार जवळचा वाटतो. कृष्णाजी बल्लाळ देवल. सरकारी नोकरीत आयुष्यभर आकडे पाहिलेला माणूस निवृत्त झाल्यावर एकतर भागवत वाचतो नाहीतर शेजाऱ्यांच्या बांधाची मोजणी काढतो. देवलांनी स्वरांची मोजणी काढली. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवायचं आणि तो सूर तारेवर लांबी मोजून धरायचा. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. त्यांच्या जोडीला ई. क्लेमंट्स नावाचे आय.सी.एस. साहेब होते, जिल्हा न्यायाधीश. एक मोजणीवाला आणि एक न्यायाधीश. म्हणजे बांधाचा दावा निकाली निघायला हरकत नव्हती.

दावा असा होता. तंबोऱ्यावर सा लावून, तारेचे पाच समान भाग करून त्यांतल्या चारच भागांवर ती वाजवली तर जो सूर निघतो तो आपला गांधार. निसर्गाने दिलेला. कानाला तो असा बसतो की जणू तंबोऱ्यातूनच बाहेर आला. आता पेटीचं काय, तर तिच्यात एका सप्तकाचे बारा सारखे वाटे केलेले असतात. कुठल्याही पट्टीवर सा धरता यावा म्हणून ही तडजोड. एलिस नावाच्या इंग्रजाने १८८० च्या दशकात अख्ख्या सप्तकाचे १,२०० सेंट केले. सेंट म्हणजे अत्तर नव्हे, सुराची पै. पेटीच्या हिशोबात गांधार सा पासून ४०० सेंटांवर येतो. तारेवरचा येतो ३८६ वर. म्हणजे जगातल्या प्रत्येक सरळ पेटीचा गांधार १४ सेंट चढा आहे. चौदा पै! कारकून म्हणून सांगतो, हा फरक किरकोळीत टाकण्यासारखा नाही.

देवल-क्लेमंट्स जोडीने मग लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून खास श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे तिच्यावर चर्चा झाली. गाण्यातल्या मंडळींचं समाधान काही झालं नाही. भातखंड्यांचं तर मुळातच मत वेगळं होतं. ते बारा स्वरांच्या पायावर उभे होते आणि श्रुती अशा आकड्यांत खिळवता येतील असं त्यांना वाटत नव्हतं. पेटी बाजूला राहिली. मला त्या दिवशीचे देवल डोळ्यांसमोर येतात. हिशोब बरोबर, आणि वरिष्ठांची सही नाही.

चढ्या गांधाराची तक्रार मात्र गाजत राहिली. इतकी, की १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दारच बंद केलं. ते १९७१ साली किलकिलं झालं. एकतीस वर्षं रेडिओवर पेटी नाही, आणि त्याच एकतीस वर्षांत खेड्यातलं एक भजन पेटीवाचून झालं नाही. रेडिओ एकीकडे, देऊळ एकीकडे. दोन यंत्रं पुन्हा जुळली नाहीत.

मग १९८३ साल उजाडलं. त्या वर्षी आपल्याकडे बँकांचे मालक आणि कामगार संघटना यांच्यात यंत्रं आणण्याबद्दल करार झाला. आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे की, करारावर सह्या झाल्या त्या दिवशी निम्म्या शाखेला आपली नोकरी गेल्यासारखं वाटलं आणि उरलेल्या निम्म्यांना बॅलन्सिंग गेल्यासारखं. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत वाद्यांच्या एका प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीचं वाद्य आणि रोलँड या जपानी कंपनीचं वाद्य यांना एका वायरीने जोडलं गेलं. याच्यावर पट्टी दाबली की त्याच्यावर सूर निघाला. बाजारात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कंपन्यांनी एक भाषा ठरवली होती. तिला 'मिडी' म्हणतात. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल तीस वर्षांनी, २०१३ साली ग्रॅमीचा सन्मान मिळाला. एक अमेरिकन, एक जपानी, पण टिंब दोघांनी एकाच बाजूला दिलं, याचं मला विशेष कौतुक आहे.

आता मिडीच्या वायरीतून जातं काय? सूर नव्हे. चिठ्ठी जाते. 'साठ नंबरची पट्टी दाबा, शंभरच्या जोराने.' नंबर ० ते १२७, आणि जोर मोजायचा तोही १२७ पर्यंतच. सा कुठे आहे हे त्या चिठ्ठीला ठाऊक नसतं. भातखंड्यांच्या पुस्तकाचा हा विजेवर चालणारा नातू. पुढे १९९६ साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने अशी सोय केली की आवाजाची अवजारं कॉम्प्युटरच्या आतच, सुटी सुटी जोडता यावीत. प्लगिन म्हणतात त्यांना. पुढे पेटी, तंबोरा, देवळाचा घुमारा, सगळं डब्यात. त्यांतलं प्रत्येक कुठल्या आवृत्तीचं, कुठल्या खणात आणि परवाना कुठल्या मशीनवर नोंदलेला, हे ज्याचं त्याने सांभाळायचं. दोन डबे असतील तर दोनदा.

१९९६! अण्णांचं पार्सल तिकडच्या बाळापुराला गेलं ते याच साली. जर्मनीत आवाजाची अवजारं डब्यात शिरत होती आणि अण्णा पेटीतल्या एका सुराची वाट पाहत होते.

झालं होतं असं की, सप्ताहाच्या तोंडावर त्यांच्या पेटीतला एक सूर तुटला. सूर म्हणजे आतली पितळेची पट्टी, जी वाऱ्याने थरथरते. नेमका मधल्या सप्तकातला पांढरी चारचा. आमच्या मंडळाची पट्टी काळी एक, कारण मंडळाचं सरासरी वय पाहता त्याहून वर जाणं धोक्याचं. आणि काळी एकचा सा धरला की पांढरी चार म्हणजे शुद्ध गांधार. गांधाराशिवाय अभंग म्हणजे मिठाशिवाय वरण. अण्णांनी पत्र टाकून पालिताण्याचा नवा सूर मागवला. तो गेला अकोल्याच्या बाजूला. सप्ताह थांबत नाही. मग अण्णांनी कुणाच्या तरी माळ्यावरच्या, उंदरांनी भाता खाल्लेल्या पेटीतला एक सूर काढून आपल्या पेटीत बसवला आणि कानशीने घासायला घेतला. टोकाकडे घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो. बुडाशी घासायचे, पेटीत घालायचे, तंबोरा छेडून ऐकायचे, पुन्हा काढायचे. मी दिवा धरून बसलो होतो. रात्री कधीतरी ते म्हणाले, "हां. आता बसला." मला आधीच्यात आणि त्याच्यात काही फरक कळला नाही. मी त्या वर्षी परीक्षेच्या तयारीत होतो आणि मला कशातलाच फरक कळत नव्हता.

महिन्याने पार्सल आलं. पत्त्यावर 'अकोला' खोडून कुणीतरी जांभळ्या शाईने 'आखाडा' लिहिलं होतं. अण्णांनी ते कपाटाच्या खणात ठेवून दिलं.

तर आता पुन्हा दोन कॉम्प्युटर. शांत झालेली पेटी बोलती करायला मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. एक फुलस्केप रजिस्टर घातलं. डाव्या पानावर बाळापूर, उजव्या पानावर नांदेड. प्रत्येक प्लगिनचं नाव, आवृत्ती, कुठल्या खणात, कधी बदललं. नवी आवृत्ती आली तर दोन्हीकडे त्याच आठवड्यात, नाहीतर कुठेच नाही. अण्णांच्या पेटीचे सगळे नमुने एका बाहेरच्या डिस्कवर, आणि त्या डिस्कचं नाव दोन्हीकडे एकच. गाणं पूर्ण झालं की पेटीची नुसती चिठ्ठी न ठेवता तिचा वाजलेला आवाजही सोबत भरून ठेवायचा; कारण चिठ्ठीला वाजवणारा लागतो, भरलेल्या आवाजाला लागत नाही. सौ.ने रजिस्टर पाहून विचारलं, "अहो, हे बँकेचं आहे का?" मी म्हटलं, बँकेचं असतं तर इतकं व्यवस्थित नसतं.

तरी एक दिवस फजिती झालीच. घरचं यंत्र सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेत होतं, लॅपटॉप ४८,००० वर लावलेला. हा ४४,१०० आकडाही मजेशीर आहे. सुरुवातीला आवाजाचे आकडे साठवायला व्हिडिओची टेप वापरत, तिच्यात एका ओळीत ३ आकडे, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा, बरोबर येतो. तोच पुढे सीडीला चिकटला. मी इकडची फाइल तिकडे तशीच वाजवली, तर सगळं भजन दीड पट्टी चढलं. आमची काळी एक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जाऊन लोंबकळू लागली. मंडळातल्या सत्तरीच्या बुवांचा आवाज शाळकरी पोरासारखा आला. त्यांना ऐकवलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "असंच ऱ्हाऊ दे."

ते दुरुस्त केलं. दोन्ही मशीन अगदी ताळ्यावर आली. रजिस्टरची डावी बाजू आणि उजवी बाजू, शून्य फरक. मग लॅपटॉपवर पक्कं केलेलं गाणं घेऊन मी एकादशीला गावी आलो आणि देवळात मंडळींना ऐकवलं.

पखवाज वाजवणारे मामा अण्णांचे जुने जोडीदार. त्यांनी डोळे मिटून दोन कडवी ऐकली आणि डोळे उघडले.

"कोणाची पेटी हाय रे ही?"

"अण्णांचीच, मामा."

"न्हाई. अण्णाची न्हाई ही."

मी त्यांना ३९ पट्ट्यांची, दारं-खिडक्यांची, कुत्र्याची सगळी हकीकत सांगितली. मामांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "आसंल. पण अण्णाची न्हाई."

त्या रात्री मी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडून एकेक पट्टी तपासत बसलो. पहाटेच्या सुमारास सापडलं. लॅपटॉपवरचं पेटीचं प्लगिन एका आवृत्तीने नवं होतं, आणि त्या आवृत्तीत एक सेवा न मागता मिळत होती. नमुना भरला की ते तो सूर तपासायचं आणि जगाच्या प्रमाणाला नसेल तर गुपचूप नीट करून घ्यायचं. घरच्या जुन्या आवृत्तीत ही हुशारी नव्हती. माझ्या रजिस्टरात दोघांची आवृत्ती 'समान' अशी नोंद होती. ठिपक्यानंतरचा आकडा मी पाहिलाच नव्हता.

घरच्या मशीनवर मी मधली पांढरी चार मोजली. तेरा सेंट खाली. देवलांच्या हिशोबाने चौदा हवी. सांगलीच्या डेप्युटी कलेक्टरने तार, पट्टी आणि खाँसाहेबांचा गळा घेऊन जे काढलं ते बाळापूरच्या माणसाने कानशीने आणि कंदिलाच्या उजेडात एका सेंटाच्या फरकाने काढलं होतं. अण्णांनी देवलांचं नावही ऐकलं नसणार. आणि लॅपटॉपने ते तेरा सेंट भरून काढून गांधार पुन्हा चारशेवर नेऊन ठेवला होता. तक्रारीला जागा नको म्हणून.

मी कपाटाचा खण उघडला. पार्सल तिथेच होतं, सुतळीसकट. जांभळी शाई फिकट झाली होती. आतला नवा सूर अण्णांनी कधी बसवलाच नाही, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. मी पार्सल पुन्हा आत ठेवलं, लॅपटॉपवरची ती सेवा बंद केली, आणि रजिस्टरच्या दोन्ही पानांवर लाल शाईने नोंद केली: 'पांढरी चार, मधली: तेरा कमी. दुरुस्त करू नये.' खाली सही केली, तारीख घातली.

पुढच्या एकादशीला पुन्हा ऐकवलं. मामांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत. मग म्हणाले, "तुझा हात काय अण्णाचा न्हाई. पण आता वाजव."

अकोल्याच्या बाळापुराला जाऊन एकदा किल्ला पाहायचा आहे. पुढच्या चौथ्या शनिवारी जमतंय का बघतो.